पिवळ्या कपाशीतलं पांढरं फूल

माझं लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "नोकरी सरकारी आहे हे कळलं. पण तुम्ही करता काय?" मी तेव्हा पंचविशीच्या आतला, जिभेला हाड नसलेला. म्हणालो, "कपाशीची लग्नं लावतो."

सासरे अमरावतीला कोर्टात नाझर होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्या वडिलांकडे पाहिलं. वडील शांतपणे म्हणाले, "खरं सांगून राहिला तो. तेच करते."

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. तरी सप्टेंबर सरत आला, सकाळच्या उन्हात जरासा हळदीचा रंग उतरला, की पहाटेच्या अर्धवट झोपेत माझा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहतात, असं बायको सांगते. मी स्वप्नात फुलांवर पराग चोळत असतो. कुठल्या फुलाचा कुठल्या फुलावर, ते मात्र जाग आल्यावर आठवत नाही.

अकोल्याबाहेर काळ्या जमिनीचा एक सरकारी फार्म होता. तिथे कपाशीच्या नव्या जाती तयार करण्याचं काम चाले. त्या काळी आमच्याकडे देशी कपाशीच जास्त. तिचं फूल ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कसं सांगावं? पिवळ्या रेशमाचा रुमाल कुणी अर्धवट दुमडून ठेवावा तसं ते दिसतं, आणि त्याच्या तळाशी कुंकवाचा एक गर्द ठिपका. सकाळी उमलतं, संध्याकाळपर्यंत लाजल्यासारखं लालसर होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गळून जातं. तेवढ्या वेळात त्याचं सगळं आयुष्य होऊन गेलेलं असतं.

एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. मोकळं सोडलं तर ते बहुधा स्वतःच्याच परागानं फळतं. मग पोटची झाडं आईसारखी, नाती आजीसारखी, वर्षानुवर्षं तेच. आम्हाला मात्र एका जातीचा लांब धागा आणि दुसऱ्या जातीचा काटकपणा एका झाडात आणायचा असे. म्हणून दुपार कलली की उद्या उमलणारी कळी हेरायची, नखानं तिच्या पाकळ्या आणि आतले पुंकेसर हलकेच काढून टाकायचे, मधली एवढीशी मादी उघडी ठेवायची आणि तिच्यावर कागदाची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं ताजं फूल आणून त्याची भुकटी तिला लावायची, पुन्हा पिशवी, आणि देठाला दोरा. नखाची एक चूक झाली, चार पुंकेसर मागे राहिले, की सगळं फुकट.

हे काम बायकांचे हात करत. त्यांची पुढारी कौसल्याबाई, पन्नाशीची, कपाळावर मोठं गोंदण असलेली. पुस्तकात या कामाला भारदस्त नाव आहे. कौसल्याबाई त्याला 'फूल निवडनं' म्हणायची, तांदूळ निवडावेत तसं. आमचे वरिष्ठ परांजपे साहेब पुण्याचे. पहिल्या वर्षी त्यांना वाटे की या बायका आपल्याशी भांडताहेत. नंतर कळलं, वऱ्हाडात प्रेमानंही तसंच बोलतात.

साहेबांनी मला सूक्ष्मदर्शक दाखवला तो दिवस मी विसरणं शक्य नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी कळी घ्यायची, तिच्यातला पुंकेसर काचेवर लाल रंगाच्या थेंबात चिरडायचा, वर पातळ काच ठेवून अंगठ्यानं दाबायची आणि स्पिरिटच्या दिव्यावरून हलकेच फिरवायची. मला कित्येक दिवस नुसता लाल चिखल दिसला. मग एका सकाळी, खिडकीतून ऊन तिरपं येत असताना, त्या चिखलात धागे दिसू लागले.

देशी कपाशीच्या प्रत्येक पेशीत अशा धाग्यांच्या तेरा जोड्या असतात. जोडीतला एक धागा आईकडून आलेला, एक बापाकडून. फुलाचा रंग, पानाची नक्षी, बोंडाचा आकार, सगळं त्या धाग्यांवर ओवलेलं. झाड वाढत असतं तेव्हा हे दोन्ही एकाच घरात राहतात, पण एकमेकांकडे फिरकत नाहीत. पराग किंवा बीज घडवायची वेळ आली की मात्र आईकडचा धागा बापाकडच्या आपल्या जोडीदाराला शोधत येतो. दोघं शेजारी शेजारी निजतात. निजल्या निजल्या काही तुकड्यांची अदलाबदल करतात. मग हळूहळू लांब होतात आणि एक या बाजूला, एक त्या बाजूला जातो. कुठला कुठे जाईल, याला नियम नाही. तेरा जोड्यांपैकी प्रत्येक जोडी आपापल्या लहरीनं फुटते. म्हणून प्रत्येक परागकणात अर्धाच वाटा, आणि तो अर्धा दर वेळी वेगळा. पत्ते पिसून वाटावेत तसा.

साहेब माझ्या खांद्यामागून म्हणाले, "एकाच आईबापांची दोन मुलं सारखी का नसतात, ते इथं ठरतं. पाहून घ्या."

मी डोळा लावून बसलो. ते लाल धागे स्थिर होते, रंगानं मारलेले. तरी मला ते हलताना दिसत होते. त्या दिवशी घरी जाताना रस्त्यावरच्या माणसांच्या तोंडाकडे बघत गेलो. प्रत्येकाच्या मागे किती माणसं उभी आहेत, कुणाचं नाक, कुणाची चाल, कुणाचे केस, असं काहीतरी डोक्यात घुमत होतं. सायकलीवरून पडता पडता वाचलो.

शेतकऱ्यांना हे समजावणं अवघड जायचं. अकोटचे एक पाटील आमच्या फार्मवर आले, संकराच्या पहिल्या पिढीतलं एक भरघोस झाड त्यांना आवडलं, आणि आमची नजर चुकवून त्याची दोन बोंडं खिशात घालून गेले. पुढच्या वर्षी तणतणत हजर. "तुमच्या बियान्यात मिसळ हाय! एक झाड लांब, एक बुटकं, एक पिवळं, एक पांढरं. एका बोंडातून हे असं निंगते कसं?" कौसल्याबाई फूल निवडता निवडता म्हणाली, "पाटील, तुमाले पाच पोरं. पाची सारखे हायत का?" पाटील हसले. पण बोंडं चोरल्याचं कबूल करून गेले नाहीत.

पहिल्या पिढीला आम्ही 'लेकरं' म्हणायचो आणि त्यांच्या बीजापासून आलेल्या दुसऱ्या पिढीला 'नातवंडं'. लेकरं सगळी एकसारखी. नातवंडांत मात्र सगळं घर बाहेर येतं. फार्मवरच्या बायकांनाही 'नातवंडाचा तुकडा' म्हटला की कुठलं शेत ते कळायचं.

सुलोचना त्या तुकड्यातच कामाला होती.

साठ सालानंतरची गोष्ट. कौसल्याबाईनं तिला आणलं. वीस-बावीस वर्षांची, सावळी, बोलायला कमी. कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी. तिला निंबाखाली लुगड्याच्या झोळीत इतर लेकरांबरोबर ठेवून ती कामाला लागली. हात इतका हलका की पहिल्याच आठवड्यात कौसल्याबाईनं तिला आपल्या शेजारची ओळ दिली.

तिची हकिगत मला कौसल्याबाईकडून कळली. सुलोचनाचा भाऊ अकोल्याला रेल्वेत खलाशी. तिला चांदूर बाजारला दिलेली. छप्पन सालानंतर त्यांच्या घरांनी नवा धम्म घेतला होता, लग्नही नव्या पद्धतीनं, पांढऱ्या कपड्यांत, साधंसं झालं. नवरा नामदेव कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला, थोडी जमीनही होती. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलीला घेऊन ती सासरी गेली आणि मुलगी जसजशी मोठी होऊ लागली तसतसे तिचे डोळे उजळत गेले. घारे. मांजराच्या डोळ्यांसारखे, हिरवट झाक असलेले. सुलोचनाचे डोळे काळेभोर, नामदेवचेही काळे, सासूचेही काळे. आणि नामदेवच्या जिनिंगमधला फिटर घाऱ्या डोळ्यांचा. सुलोचना दुपारी नवऱ्याची भाकर घेऊन जिनिंगवर जायची.

"बस," कौसल्याबाई म्हणाली. "येवढं पुरे झालं. सासूनं तिले स्टँडवर नेऊन गाडीत बसवून देल्लं. नवरा उभा होता. बोलला नाई." मग थोड्या वेळानं म्हणाली, "लोकाईनं देव सोडले, भाऊ. संशय नाई सोडला."

मी माझ्या कामाला लागलो.

काही दिवसांनी सकाळी परागाचं काम चालू असताना सुलोचना नातवंडाच्या तुकड्यात एका झाडापाशी थांबलेली दिसली. दव अजून उतरलं नव्हतं. सगळीकडे पिवळी फुलं, आणि त्या झाडावर दोन पांढरी, दुधासारखी. असं होणारच होतं. पिवळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या जातींचा तो संकर होता. लेकरं सगळी पिवळी आली होती, आणि नातवंडांत साधारण चारातलं एक पांढरं निघत होतं.

तिनं मला विचारलं, "भाऊ, याची माय पिवळी ना?"

"हो."

"बापही पिवळा?"

"हो, ती सगळी लेकरं पिवळीच होती."

"मंग हे पांढरं कोनाचं?"

मी सवयीनं उत्तर दिलं, "त्याच्या आजीचं. आजी पांढऱ्या फुलाची होती. तिचा रंग पोरांमध्ये झाकला गेला, पण गेला नाही. आईनंही लपवून ठेवलेला, बापानंही. दोघांकडून तोच वाटा आला की वर येतो."

तिनं ते फूल जवळ ओढून पाहिलं. मग निंबाखाली गेली, झोळीतून मुलीला उचललं, आणि तिला माझ्यासमोर धरून म्हणाली, "मंग हिले पाहा."

मुलगी माझ्याकडे टक लावून बघू लागली. सकाळच्या उन्हात तिचे डोळे ओल्या काचेसारखे दिसत होते. त्या क्षणी मला काय विचारलं जातंय ते कळलं. फुलांची गोष्ट मी रोज सांगत होतो. माणसाची सांगायची वेळ कधी आली नव्हती.

मी तिला साहेबांकडे घेऊन गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "तुमच्या माहेरी कुणाचे घारे डोळे आहेत का?"

"माह्या मामाची पोरगी घारी हाय. सारे तिले मांजरीच म्हन्तात."

"मग तुमच्याकडे तो वाटा असू शकतो. पण एकट्या आईकडून येऊन भागत नाही. वडिलांकडूनही यावा लागतो."

"त्याईच्या घरी तं कोनीच घारं नाई म्हन्तात."

"दिसत नाही म्हणजे नाही, असं होत नाही," साहेब म्हणाले. "कित्येक पिढ्या झाकलेला राहू शकतो. काळ्या डोळ्यांच्या दोन माणसांना घाऱ्या डोळ्यांचं मूल होऊ शकतं, एवढं मी खात्रीनं सांगतो." (पुढे वाचनात आलं की डोळ्यांचा रंग फुलाच्या रंगाइतका सरळ नसतो, त्यात अनेक वाटे गुंतलेले असतात. पण साहेब जे म्हणाले ते तरीही खरंच आहे.)

सुलोचनानं मान हलवली. जाताना दारात थांबून म्हणाली, "त्याईच्या मामानं त्याईले दुसरी पोरगी पाहून ठेवली हाय. दिवाळीनंतर लगन."

त्या महिन्यात चांदूर बाजारकडच्या शेतकऱ्यांकडे आमच्या चाचणीचे वाफे बघायला मला जायचंच होतं. एसटीनं अमरावती, तिथून दुसरी एसटी. काम आटोपून मी नामदेवचं घर शोधलं. तो अंगणात खाटेवर बसला होता. किडकिडीत, गालफडं बसलेली, झोप न लागणाऱ्या माणसासारखा. त्याची आई भागीरथीबाई दारात.

मी कोण, कुठून आलो ते सांगितलं. तो म्हणाला, "तुमी तिचे कोन लागता?"

"कोणी नाही. ती आमच्या फार्मवर काम करते."

भागीरथीबाई कडाडली, "कामाले लावलं तं लावा. वकिली कावून करून राहिले? आमच्या सात पिढ्यात कोनी घारं नाई!"

मी म्हटलं, "आमच्याकडं पिवळ्या फुलांच्या कपाशीत पांढरं फूल येतं. त्याच्या आईबापांतही कोणी पांढरं नसतं. अकोल्याला या, दाखवतो. फुलं आहेत तोवर या."

कोणी पाणी विचारलं नाही. मी परतलो. गाडीत खिडकीशी बसून वाटलं, उगाच गेलो. पुस्तकातलं ज्ञान घेऊन लोकांच्या घरात शिरायचं नसतं.

पण तो आला. ऑक्टोबर संपत आला होता, फुलं विरळ झाली होती. सकाळी फाटकापाशी उभा दिसला, रात्रीच्या गाडीनं निघाला असावा. म्हणाला, "मायले सांगतलं नाई. दाखवा काय दाखवाचं ते."

सुलोचना त्या दिवशी दुसऱ्या तुकड्यात होती. मी मुद्दाम तिकडे गेलो नाही. त्याला नातवंडांत नेलं. झाडं कमरेएवढी, बोंडं धरलेली, मधूनच एखादं उशिराचं फूल. त्याला लेकरांची पिवळी ओळ दाखवली, आजीची पांढरी ओळ दाखवली, आणि मग नातवंडांतली पांढरी झाडं. तो शेतकरी होता. एकेका झाडाचं पान उलटून बघत, बोंड दाबत, तो ओळीतून फिरला. बराच वेळ फिरला. मी बांधावर थांबलो.

परत येऊन म्हणाला, "फुलाचं समजलं. मानसाचंही असंच राहते का?"

साहेबांनी त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. मला वाटलं होतं त्यालाही माझ्यासारखा चिखलच दिसेल. पण त्या दिवशीची काच नशिबानं छान लागली होती. जोड्या नुकत्या फुटू लागलेल्या, धागे दोन बाजूंना सरकलेले. साहेब हळू आवाजात सांगत होते, आईकडचा कोणता, बापाकडचा कोणता, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. नामदेवनं डोळा काढलाच नाही. शेवटी त्यानं विचारलं, "म्हंजे मी पोरीले अर्धाच वाटा देल्ला. आन् तो अर्धा कोनता, हे माह्या हातात नाई?"

"कोणाच्याच हातात नाही," साहेब म्हणाले.

"आन् जे मले नाई दिसत, तेही माह्याकून जाऊ शकते?"

"तेही."

तो उठला. दारापाशी जाऊन मला म्हणाला, "अकोटले माही आत्या हाय. बापाची मोठी बहीन. तिले इचारतो. तुमी चाला संगं. एकटा गेलो तं उद्या माय म्हनन, मीच बनवून सांगून राहिलो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अकोटला पोचलो. बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. गंगाआत्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, दोन्ही पांढरे. नामदेवनं नाव सांगितल्यावर तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"आत्या, आपल्यात घारे डोये कोनाचे होते?"

ती लगेच हसली. "माह्या बापाचे. तुह्या आज्याचे."

नामदेव खाली बसला.

"तुले कोनी सांगतलं नाई?" आत्या म्हणाली. "कोन सांगन? तुहा बाप दुधपिता होता तवाच पटकीनं गेला तो. गावात त्याले मांजऱ्या म्हनत. मंग तुह्या बापाले सारे चिडवत, मांजऱ्याचा, मांजऱ्याचा. त्याले ते नाव सहन होये ना. त्यानं जन्मात बापाचं नाव काढलं नाई." तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मले आता उजेड-अंधार येवढंच समजते, बापा. पन त्याईचे डोये अजून दिसतात. संध्याकाळचं ऊन तिरपं आलं का मधासारखे दिसत."

परतीच्या गाडीत नामदेव फेटा मांडीवर घेऊन बसला होता. मावळतीला आलेलं ऊन दोन्ही बाजूंच्या कपाशीवर पसरलं होतं, गाडी झोके खात होती, आणि मला एक कधी न पाहिलेला म्हातारा दिसत होता. त्याच्या डोळ्यांतला मध पोराच्या आणि नातवाच्या काळ्या डोळ्यांमागे झाकून राहिलेला, आणि आता एका झोळीतल्या पोरीत वर आलेला.

त्या रात्री नामदेव कौसल्याबाईच्या घरी राहिला. सकाळी फार्मवर आला. या वेळी मी त्याला सुलोचनाच्या ओळीकडे नेलं आणि मागे फिरू लागलो, तर ती म्हणाली, "भाऊ, थांबा तुमी."

त्यानं आत्याचं सगळं सांगितलं. आजा, मांजऱ्या, मधाचे डोळे. घाईघाईनं, अडखळत. "चाल घरी," म्हणाला.

ती पराग लावत होती. हातातली कळी पुरी करून तिनं पिशवी चढवली. मग वळून विचारलं, "आत्याले आठवलं नसतं तं?"

त्यानं फेटा काढून हातात घेतला.

"आत्या मेली असती तं? आले असते का मले न्याले?"

मी मनातल्या मनात म्हणत होतो, हो म्हण बापा. एका शब्दाचं तर काम आहे. हीच अडचण मलाही अकोटहून परतताना गाडीत टोचत होती. आमचं शास्त्र एवढंच सांगू शकत होतं की असं होऊ शकतं. बाकीचं माणसानं माणसाबद्दल ठरवायचं होतं, आणि ते त्यानं तेव्हाच ठरवायला हवं होतं, स्टँडवर.

नामदेवनं पायाखालचं ढेकूळ टाचेनं फोडलं. मग म्हणाला, "नसतो आलो."

कौसल्याबाईचा हात थांबला.

"माहीत नाई," तो पुन्हा म्हणाला, "कदाचित रडत बसलो असतो. पन मायच्या समोर बोललो नसतो. मले तेवढी हिंमत नाई होती."

सुलोचनानं पदरानं हात पुसले. निंबाखाली गेली, मुलीला घेऊन आली आणि त्याच्या हातात दिली. "पाहा हिच्याकडे," म्हणाली. "घरी होती तवा एक डाव पायलं नाई तुमी."

त्यानं पाहिलं. मुलीनं त्याची मिशी धरली.

"हंगाम सरू द्या," सुलोचना म्हणाली. "काम अर्धं टाकून येत नाई मी. आन् मायले सांगा, ज्या स्टँडवर मले गाडीत बसवून देल्लं, त्याच स्टँडवर त्याईनंच मले उतरून घ्याचं. बाजाराच्या दिवशी. साऱ्याईच्या समोर."

पुढे बऱ्याच वर्षांनी मी तिला विचारलं, त्याच्या त्या उत्तरानंतरही तू गेलीस कशी? ती म्हणाली, "लबाड बोलले असते तं नसती गेली, भाऊ."

हंगाम सरल्यावर, ठरलेल्या बाजाराच्या दिवशी मी गेलो होतो चांदूर बाजारला. वाफे बघायचं निमित्त मला केव्हाही सापडायचं. भागीरथीबाई स्टँडवर डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. तोंड घट्ट मिटलेलं. गाडी थांबली, सुलोचना पायरीवर आली, तशी म्हातारी पुढे झाली आणि मुलीला आपल्याकडे ओढून घेतलं. भोवती माणसं थांबली होती. त्यांच्यातल्या एकीनं काही म्हणायला तोंड उघडलं, तर भागीरथीबाई गरजली, "काय पाहून राहिली? माह्या सासऱ्याचे डोये हायत!" त्या सासऱ्याला तिनंही कधी पाहिलेलं नव्हतं.

त्या संकराचं आमच्याकडून काही झालं नाही. धागा चांगला आला, पण उत्पन्न मार खाऊन गेलं. काही हंगाम चाचण्या घेतल्या आणि तो वाण सोडून दिला. मग अमेरिकन कपाशीचे संकर आले, शेतातून देशीची पिवळी फुलं कमी कमी होत गेली. माझ्या नावावर एकही जात नाही. त्याची हळहळ वाटते, नाही असं नाही. कौसल्याबाई कधीच गेली. साहेब पुण्याला परतले आणि शेवटपर्यंत पत्रात एखादा वऱ्हाडी शब्द घालायचे, बहुतेक चुकीच्या जागी.

सुलोचनाच्या दुसऱ्या बाळाच्या नामकरणाला मला बोलावणं होतं. मुलगा झाला होता. घारी थोरली, यशोधरा तिचं नाव, आता चांगली पळत होती, आणि सबंध घर तिच्या मागे. भागीरथीबाईच्या कडेवर चढली की मात्र ती खाली उतरायला तयार नसे. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हातारी तिचं तोंड उजेडाकडे वळवून दाखवायची.

मी बाळाला बघायला आत गेलो. भागीरथीबाईनं कंदील जवळ आणला, एका बोटानं बाळाची पापणी हलकेच वर केली आणि वाकून पाहिलं. डोळा काळाभोर, बापासारखा.

तिनं कंदील खाली ठेवला. जरा हिरमुसून म्हणाली, "याचे तं आपल्यासारखे साधेच निंगाले, भाऊ."